सुरुवातीला जुळतं, शेवटी दोन सेकंद मागे! (बाबांची घड्याळं, दोन फोन आणि मी)

तासकाटा

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतोय, पण सगळं आधीच सांगितलं तर तुमचे उलटप्रश्न वाचतील.

बाबा चाळीसेक वर्षं घड्याळं दुरुस्त करतायत. आता नजर पूर्वीसारखी राहिली नाही, म्हणून हात चालतायत तोवर त्यांचं काम टिपून ठेवावं असं मनात आलं. कॅमेरा नाही, माइक नाही. घरात दोन फोन आहेत, तेवढ्यावरच भागवायचं ठरवलं. टेबलावर पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर आडवी लाकडी पट्टी आणि पट्टीला रबरबँडने बांधलेला फोन, तोंड खाली. जुना फोन फक्त आवाजासाठी. तो बाबांपासून वीतभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर.

पहिल्याच दिवशी सलग ४० मिनिटं मिळाली. बाबा बोलायला लागले की थांबत नाहीत, हे गृहीत धरलं नव्हतं. शॉटकटमध्ये (व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर) चित्राखाली जुन्या फोनचा आवाज लावला आणि सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही जुळवले. पहिली पाच मिनिटं सुरेख. पुढे हळूहळू बिघडत जातं आणि शेवटी काय होतं, तर बाबा स्क्रू पत्र्याच्या डबीत टाकतात, चिमटा खाली ठेवतात, हात पुसतात, आणि मग ‘टिंग’ ऐकू येतं. मोजून दोन सेकंदांनी.

एकदम सरकलं असतं तर मागेपुढे करून भागवलं असतं. हे वाढत जातंय. काय चुकतंय?

खटपट्या

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) बघा. फोनवरची रेकॉर्डर ॲप्स बरेचदा ४४.१ किलोहर्ट्झवर टिपतात (सीडीच्या जमान्याचा आकडा), व्हिडिओचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर असतो. दोन वेगळे आकडे एकत्र आले की घोळ व्हायचाच.

कानसेन

खटपट्या, घोळ होतो खरा, पण तो एवढासा नसतो. ४४.१ चा आवाज ४८ समजून वाजवला तर जवळपास ९ टक्के घाई होते. ४० मिनिटांत तीन मिनिटांहून जास्त फरक पडेल. शिवाय आवाज चढेल. बाबांचा सा कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी जाऊन बसेल. तासकाटा यांना ते पहिल्या वाक्यात कळलं असतं. आणि हल्लीची संपादनाची सॉफ्टवेअर ४४.१ चं ४८ स्वतःच करून घेतात.

हिशेब उलटा करू. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. २४०० त २ म्हणजे ०.०८३ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा.

तासकाटा, एक काम करा. वरच्या फोनने चित्राबरोबर स्वतःचाही आवाज टिपला असेलच. जुन्या फोनचा आवाज बंद करून फक्त तो लावा. शेवटची ‘टिंग’ चित्राशी जुळते का? आणि तीच फाइल फोनच्या गॅलरीत उघडल्यावर काय दिसतं?

बिनधास्त_बाबू

सेकंदाला ३० फ्रेम (सुटी चित्रं) की २९.९७, असा गोंधळ असणार. पैज.

कानसेन

बाबू, तो फरक ०.१ टक्का, म्हणजे ४० मिनिटांत २.४ सेकंद. त्यांनी ‘मोजून दोन’ म्हटलंय. घड्याळजींच्या घरातला माणूस आहे, मोजून म्हणतो तेव्हा मोजूनच म्हणत असेल.

तासकाटा

मोजलंय, स्टॉपवॉच लावून :)

कानसेन, चकित झालो. शॉटकटमध्ये वरच्या फोनचा स्वतःचा आवाजसुद्धा त्याच्याच चित्रापासून सरकतोय, तेवढाच! आणि गॅलरीत तीच फाइल शेवटपर्यंत बरोब्बर जुळते. म्हणजे जुन्या फोनचा काही संबंधच नाही?

कानसेन

सध्या तरी नाही. त्याला नंतर पकडू.

फोन दर सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम घेतो, ही आपली समजूत. तो जमेल तेवढ्या घेतो. उजेड कमी पडला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ लागतो, मग तो गुपचूप २४-२५ वर येतो. उजेड आला की परत ३०. प्रत्येक फ्रेमवर ‘ही अमुक क्षणाची’ असा शिक्का असतो, गॅलरी तो शिक्का वाचून चित्र दाखवते म्हणून तिथे सगळं जुळतं. संपादनात मात्र सगळ्या फ्रेम समान अंतरावर मांडल्या गेल्या, तर कमी पडलेल्या फ्रेमचा वेळच गायब होतो. चित्र आखडतं, आवाज आहे तेवढाच राहतो, म्हणून आवाज मागे पडल्यासारखा वाटतो. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात.

मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाका आणि फ्रेमरेटच्या ओळी इथे द्या.

तासकाटा

फ्रेमरेट मोड: व्हेरिएबल. सरासरी २९.९७५. किमान २४ च्या आसपास, कमाल ३० च्या जरा वर.

कानसेन

२४०० गुणिले २९.९७५ म्हणजे ७१,९४० फ्रेम. त्या ३० च्या गतीने मांडल्या की होतात २३९८ सेकंद. हे घ्या तुमचे दोन सेकंद.

उपाय: हँडब्रेक (व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर, हेही मोफत). फाइल उघडा, व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ३० निवडा आणि त्याच्याखाली ‘कॉन्स्टंट’वर टिचकी मारा. दर्जाचा आरएफ आकडा १८ च्या आसपास ठेवा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. जिथे फ्रेम कमी पडल्यात तिथे तो आधीचीच फ्रेम पुन्हा लावून जागा भरतो. मग ती नवी फाइल संपादनात घ्या. मूळ फाइल उडवू नका.

सावली

कानसेन यांनी रोगाचं निदान केलं, पण पुढच्या वेळी रोगच होऊ नये यासाठी उजेडाकडे बघा. तुमच्या मांडणीत मला एक शंका आहे: टेबललॅम्प बाबांच्या उजव्या हाताला आहे का? ते झुकून काम करत असतील तेव्हा हात आणि डोकं दिव्याच्या आड येत असेल. तेव्हाच फोन २४ वर घसरत असणार.

खिडकीशी टेबल घ्या, खिडकी डाव्या अंगाला. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, सावल्या मऊ होतात. मग फोनच्या पडद्यावर बाबांच्या हातांवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते) दोन्ही कुलूपबंद होतात. नाहीतर पांढरा रुमाल चौकटीत आला की चित्र काळवंडतं आणि काळा चिमटा आला की भगभगीत होतं. अँड्रॉइड असेल तर ओपन कॅमेरा नावाचं मुक्त ॲप आहे, त्यात फ्रेमरेट स्वतः ठरवता येतो.

आणखी एक. घड्याळ आहे म्हटल्यावर बॅलन्स व्हीलचा (घड्याळातलं पुढेमागे झुलणारं चाक) स्लो मोशन घ्यायचा मोह होणारच. घ्या, पण दिवसाउजेडी. विजेच्या बऱ्याच दिव्यांचा उजेड वीजपुरवठ्याच्या दुप्पट गतीने कमीजास्त होतो. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा. डोळ्यांना कळत नाही, पण १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये सगळं चित्र लपलपतं. साध्या चित्रणातही शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे टळतात. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/१२०.

तासकाटा

सावलीताई, तुम्ही आमच्या घरात डोकावून गेलात का? दिवा उजवीकडेच आहे. आणि बाबा उजव्या हाताचेच.

स्लो मोशनचं ऐकून बाबा खूश. म्हणाले, जुन्या मनगटी घड्याळात बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. चाक पुढे जाऊन परत येतं तेव्हा दोन ठोके होतात, म्हणजे सेकंदाला अडीच फेऱ्या. ३० फ्रेममध्ये एका फेरीच्या वाट्याला १२ फ्रेम आल्या, १२० मध्ये ४८. हेअरस्प्रिंग (त्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) श्वास घेतल्यासारखी उघडते-मिटते ते त्यांनी भिंगातून आयुष्यभर पाहिलंय, मी पहिल्यांदा पाहिलं.

हँडब्रेक चालू करून झोपतो आता. सकाळी सांगतो.

निमूट

वाचनखूण साठवतोय. एक बाळबोध प्रश्न: एवढ्या खटपटीपेक्षा ब्लूटूथ इयरफोन कानात घालून त्याचाच माइक वापरला तर?

कानसेन

ऐकायला वापरता ते इयरफोन माइकसाठी घेतले की साधारणपणे फोनकॉलच्या प्रकारावर जातात. त्यात आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर टिपला जातो. आवाजाची जेवढी उंची पकडायची त्याच्या दुप्पट सॅम्पल लागतात, म्हणजे १६ च्या टिपणात ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ आणि ‘श’ गुळगुळीत होतात, माणूस फोनवरून बोलल्यासारखा येतो. जुना फोन वीतभर अंतरावर ठेवणं कितीतरी बरं. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. एक मीटरवरून पाव मीटरवर आलात तर १२ डेसिबलची कमाई, फुकटात.

कॉलरला लावायचा तारेचा माइक असेल तर त्याच्या पिनेवरची काळी वळी मोजा. फोनच्या गोल भोकाला तीन वळ्यांची पिन लागते. दोन वळ्यांची कॅमेऱ्यांसाठी असते. ती नुसती खुपसली तर फोन आपला स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर नखाने टकटक करून बघा, म्हणजे कोण ऐकतोय ते कळतं.

आज्जी_ऑनलाइन

आणि माइक तोंडासमोर नको, तोंडाच्या कडेला धरावा. आपल्या भाषेत ख, घ, फ, भ यांचा सुकाळ. श्वासाचा झोत थेट माइकवर आपटला की बॉम्ब पडल्यासारखं ऐकू येतं. मी नातवंडांसाठी गोष्टी वाचून टिपते, तेव्हा आधी ‘भिंतीवरचे फुगे भराभर फोडले’ असं तीनदा म्हणून तपासते. फुगे नीट फुटले की बाकीचं नीट होतं. टिपते कुठे, तर कपड्यांच्या कपाटात डोकं घालून. घरचे हसतात, हसू देत.

बिनधास्त_बाबू

आज्जी रॉक्स! _/\_

ऐकीव

धागा पहिल्यापासून ऐकतोय. ऐकतोय म्हणजे खरंच ऐकतोय, मला दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. आवाजाचं संपादन मी गेली काही वर्षं रोज करतो: विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, त्यावर रीपर हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर, आणि रीपरला बोलतं करणारी ओसारा नावाची जोडणी. एनव्हीडीए आणि ओसारा दोन्ही मोफत. ओसारा लिहिणारे जेम्स टेह हे एनव्हीडीए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक आणि स्वतः अंध, त्यामुळे कुठे काय अडतं हे त्यांना सांगावं लागत नाही. ऑडॅसिटी हे आवाजाचं दुसरं सॉफ्टवेअरसुद्धा कीबोर्डवर बऱ्यापैकी चालवता येते. लाटा बघून कापायचं तुमचं सुख मला नाही, मी श्वासावर कापतो. बोलणारा श्वास घेतो त्याच्या आधी कापलं की जोड लागत नाही.

आता मुद्द्याचं. तासकाटा, तुमच्या चित्रात बाबा बोलताना काय म्हणतात? मी पैज लावतो, ‘हे असं धरायचं, मग हे इकडून काढायचं, हां, असं.’ बरोबर? डोळे असलेल्याला ते पुरतं. माझ्या हाती त्यातलं काहीच लागत नाही. आणि जो कुणी काम करता करता नुसतं ऐकत असेल, त्याच्याही. बाबांना एवढंच सांगा की ‘हे’ म्हणजे काय ते नाव घेऊन सांगा. कोणतं चाक, कुठल्या हातात चिमटा, स्क्रू कोणत्या बाजूला फिरला.

तासकाटा

ऐकीव, पैज जिंकलात. तुमचा प्रतिसाद वाचून चाळीस मिनिटं परत ऐकली. पहिल्या दहा मिनिटांत ‘हे असं’ सत्तावीस वेळा. आणि खरं सांगू? मी समोर बसलो होतो, चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे, तरी त्यातली सात-आठ ‘हे’ म्हणजे काय ते मलाही सांगता येणार नाही. वरून बघताना बाबांचा अंगठा आड येतो.

बाबांना सांगितलं. आधी म्हणाले, दिसतंय की. मग मी डोळे मिटले आणि म्हटलं, आता शिकवा मला. दोन मिनिटं गप्प बसले. नंतर जे बोलायला लागले ते इतकं वेगळं होतं की पहिलं सगळं टाकून पुन्हा चित्रित करायचं ठरलंय.

सावली

+१. ऐकीव यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

जोडीला सबटायटल्सही द्या, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये बनते. एका ओळीवर क्रमांक, दुसरीवर वेळ, त्याखाली मजकूर, मग एक मोकळी ओळ. वेळ अशी: ००:०४:१२,५०० --> ००:०४:१५,००० (इथे देवनागरी आकडे टाकलेत, फाइलमध्ये मात्र इंग्रजी आकडेच हवेत; आणि मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम, टिंब नाही). जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. दोन ओळींच्या वर जाऊ नका. नुसतं बोलणं लिहू नका, ‘[स्क्रू डबीत पडतो]’ हेही लिहा.

निमूट

मराठी अक्षरांवरून आठवलं. एका फोन-ॲपमध्ये मी शीर्षक टाकलं ‘किल्ली’. पहिली वेलांटी क च्या उजवीकडे गेली आणि ल चा पाय मोडून बाजूला पडला. दुसरा फॉन्ट घेतला तरी तेच.

खटपट्या

फॉन्टचा दोष नाही तो. देवनागरीत अक्षरं टंकलेल्या क्रमाने नुसती शेजारी मांडून चालत नाही, त्यांची जागा बदलावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात. ते काम करणारा भाग त्या ॲपमध्येच नसतो. पळवाट: शीर्षक इंकस्केपमध्ये किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये लिहायचं, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढायची आणि ती चित्र म्हणून व्हिडिओवर ठेवायची. फॉन्ट मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, मुक्त परवान्याचे आहेत. अक्षरांमागे काळसर पट्टी द्या. पितळी चाकांवर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत, अनुभव आहे.

तासकाटा

हँडब्रेकचा निकाल: दोन सेकंद गायब! कानसेन, दंडवत.

पण. (होय, पण आहे.) मला सगळं जुळलेलं दिसतंय. बाबांना दाखवलं तर शेवटाला म्हणाले, “हातोडी लागायच्या आधी आवाज येतोय.” मला तर काहीच दिसेना. फ्रेम-फ्रेम करत बघितलं, तर खरंच दोन फ्रेमचा फरक! जुन्या फोनचा आवाज शेवटी दोन फ्रेम आधी येतोय. वरच्या फोनचा स्वतःचा आवाज मात्र आता अगदी जुळतोय.

कानसेन

आता आला जुना फोन पिंजऱ्यात. आणि बाबांचे डोळे अधू झालेत असं कोण म्हणतं?

दोन फ्रेम म्हणजे साधारण ६५ मिलिसेकंद. आवाज उशिरा आला तर माणूस खपवून घेतो. लांबून कुणी लाकूड फोडत असेल तर आपल्याला तसंच ऐकायची सवय असते, आवाज सेकंदाला ३४३ मीटरच धावतो. पण आवाज आधी आलेला निसर्गात कधीच नसतो, म्हणून तो लगेच टोचतो. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) शिफारशीत फरक जाणवण्याची सीमा आवाज आधी असेल तर ४५ मिलिसेकंद आणि मागे असेल तर १२५ अशी दिली आहे. तुमचा ६५ आधीच्या बाजूला आहे. बाबांनी पकडला यात नवल नाही.

कारण बाबांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. प्रत्येक फोनमध्ये एक स्फटिक थरथरत असतो आणि त्यावर सॅम्पल मोजले जातात. दोन फोन, दोन स्फटिक. क्वार्ट्झ घड्याळातलाच प्रकार. तिथे सेकंदाला ३२,७६८ कंपनं असतात, म्हणजे दोनाचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मे केले की बरोब्बर एक सेकंद. दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. २४०० सेकंदांत ०.०६५, म्हणजे दहा लाखात २७.

तासकाटा

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद घेतला. दहा लाखात २७ म्हणजे दिवसाला किती? ८६,४०० सेकंदांचा दिवस, सव्वादोन सेकंदांच्या जरा वर. महिन्याला ७० सेकंद. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंदांत बसतं. हे असलं घड्याळ गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.”

जुना फोन आता त्यांच्या नजरेतून उतरलाय. उपाय सांगा.

कानसेन

:))) फोनची बाजू घेतो जरा: फरक दोघांतला आहे. कोण पुढे आणि कोण मागे ते तिसरं घड्याळ आणल्याशिवाय ठरत नाही.

उपाय दोन. आवाजाची पट्टी ०.००२७ टक्क्याने ताणायची, किंवा बाबा श्वास घ्यायला थांबतात अशा दोन जागी (दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाच्या आसपास) आवाज कापून पुढचा भाग एकेक फ्रेम मागे सरकवायचा. दुसरं सोपं. मग कुठेच एका फ्रेमहून जास्त फरक राहत नाही. पुढच्या वेळी शेवटीही टाळी वाजवा, म्हणजे किती घसरलंय ते दोन टाळ्यांवरून कळतं.

ऐकीव

कापताना मागची टिकटिक सांभाळा. तासकाटांनी परवा आवाजाचा तुकडा चढवला तो ऐकला, मागे निदान चार घड्याळं चालू आहेत. एक सेकंदाचा ठोका चुकला की कान लगेच ‘इथे कापलं’ म्हणतो. एका फ्रेमचं चालेल, पण मधलं अर्ध मिनिट उडवलंत तर पूर्ण ठोक्यांच्या पटीत उडवा.

बिनधास्त_बाबू

नॉइज रिडक्शन मारा ना सरळ. ऑडॅसिटीत आहे की.

कानसेन

त्याने टिकटिक जात नाही. ते पंख्याच्या घरघरीसाठी, विजेच्या गुणगुणीसाठी. त्याला आधी नुसत्या खोलीच्या आवाजाचा नमुना द्यायचा, मग तो त्या आवाजाचा सततचा थर खाली ओढतो. ठोका म्हणजे क्षणभराची टोकदार गोष्ट, ती थरात बसत नाही. बाबू जोर लावून १२ डेसिबलच्या वर नेतील आणि बाबा पाण्याखालून बोलायला लागतील. टिकटिक जाते ती फक्त घड्याळं दुसऱ्या खोलीत नेल्याने.

तासकाटा

किती घड्याळं आहेत माहितेय का? भिंतीवरचीच अकरा!

आज्जी_ऑनलाइन

मग राहू दे की टिकटिक. घड्याळजींच्या खोलीत टिकटिक नाही तर काय ऐकू यावं? मागे गाणं लावलंत तर मात्र मी ऐकणार नाही.

ऐकीव

आज्जींशी सहमत. एक तोडगा: बोलताना जमतील तेवढी घड्याळं थांबवा. नंतर सगळी चालू करून, कुणीही न बोलता, पाच मिनिटं नुसती खोली टिपा. तो आवाज संपादनात अखंड, हळू, सगळ्याच्या खाली अंथरा. वर कुठेही कापा, टिकटिक तुटत नाही.

खटपट्या

चित्रीकरणाच्या आधी माझी फजिती ऐकून ठेवा. दीड तासाचं एक बोलणं सलग टिपलं, शेवटच्या मिनिटाला बॅटरी संपली. फाइल होती, कित्येक जीबींची, पण उघडेना. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग नीट थांबलं नाही तर सूचीच नसते. पुस्तक आहे, पानं सुटी, क्रमांक नाहीत. अनट्रंक नावाचं सॉफ्टवेअर त्याच फोनची दुसरी धडधाकट फाइल नमुना म्हणून घेऊन जुळवाजुळव करतं, त्यातून माझं बरंचसं परत मिळालं, सगळं नाही.

तेव्हा: चार्जर लावून ठेवा, फोन विमान मोडवर टाका (मधेच आलेला कॉल रेकॉर्डिंग तोडू शकतो), आणि दर पंधरा मिनिटांनी थांबवून नवी फाइल सुरू करा. जागेचा अंदाज: सेकंदाला २० मेगाबिटच्या चित्रणाला तासाला ९ जीबी. आवाज वेगळा डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेल्या आवाजाची फाइल), एका चॅनेलचा, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ टिपलात तर तासाला जेमतेम साडेतीनशे एमबी. आवाजात काटकसर करू नका. आणि तयार व्हिडिओ कुणाला मेसेंजरवरून पाठवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पिळून चोथा होऊन पोचतो.

तासकाटा

मंडळी, दुसरं चित्रीकरण झालं. खिडकीशी टेबल, पांढरा पुठ्ठा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन भाग, दोन्ही टोकांना टाळी. टाळी म्हणजे बाबांनी चिमट्याने डबीवर मारलेला ठोका, त्यांना टाळी वाजवणं पोरकट वाटलं. मीडियाइन्फोने अजूनही ‘व्हेरिएबल’च म्हटलं, पण आता किमान २९ च्या वर आहे. हँडब्रेकमधून काढून घेतलंच.

अकरापैकी नऊ घड्याळं थांबवली. दोन लोलकाची बाबांनी थांबवू दिली नाहीत. त्या दोन ऐकू येतात, चांगली वाटतात. नंतर सगळी परत चालू करून वेळ लावायला त्यांना पाऊण तास लागला आणि तो पाऊण तास मी टिपलाच नाही. आता वाटतं, खरा व्हिडिओ तोच होता.

पहिल्या भागाचा नुसता आवाज चढवतोय. ऐकीव, तुम्ही आधी ऐका. चित्र नसताना समजतंय का?

ऐकीव

दोनदा ऐकलं. समजतंय. मागचं झाकण कसं उघडलं, बॅलन्सचा पूल कुठल्या स्क्रूने धरलाय, तो डावीकडे किती फिरवला, सगळं डोक्यात उभं राहिलं. ‘हे असं’ फक्त तीनदा आलं, तेवढं चालायचं.

एकच शंका. अकराव्या मिनिटाला बाबा म्हणतात ‘दुसरा स्क्रू डबीत टाकला’. पहिल्या वेळी डबीची ‘टिंग’ आली होती. या वेळी लाकडावर पडल्यासारखा ‘टक्’ येतो आणि नंतर बारीक घरंगळ. तो स्क्रू डबीत गेलेला नाही. सापडला का?

तासकाटा

नाही हो. परवापासून आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधतोय. बाबा म्हणतायत, विचार त्यांना, घरंगळला कुठल्या बाजूला?